शेवटच्या वावराची बारी

या सदरात येणारे अनुभव माझी नणंद मला पाठवते आणि मी न वाचता पुढं सरकवते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे गैरसमज नको. आमच्या पाचोऱ्याच्या घरात अमावस्येला नखं कापायची मुभा होती, तिन्हीसांजेला शीळ वाजवायचीही होती. वडील शाळेत विज्ञान शिकवायचे आणि कुणी अंगात आलेलं सांगितलं की आधी ताप बघायचे. त्यामुळे मी इथं लिहितेय याचं सगळ्यात जास्त आश्चर्य नणंदेलाच वाटेल. लिहायचं कारण एवढंच, की ही गोष्ट आता तीन-चार तोंडांतून फिरून माझ्याकडे परत आलीय आणि तिच्यात मी बेशुद्ध पडलेय, माझ्या मोबाइलमधून आवाज आलेत, आणि कुणीतरी पांढऱ्या धोतरातला माणूसही घुसडलाय. तसलं काहीही झालेलं नाही. जे झालं ते मी सांगते... मग कुणाला हसायचं असेल त्यानं हसावं.

मी धुळ्यात राहते. शेतांचे आराखडे करून देणं हे माझं काम. म्हणजे हातात मोबाइल घ्यायचा, त्यातलं मोजणीचं अॅप चालू करायचं आणि वावराच्या बांधावरून चालायचं. आपण चालू तसा उपग्रहाच्या आधारानं नकाशावर ट्रॅक उमटत जातो — साध्या भाषेत एक रेघ. क्षेत्र किती, उतार कुठं, पाणी कुठून आणायचं, कुठल्या तुकड्यात काय लावायचं, हे सगळं त्या रेघेवरून ठरतं. आमच्या धंद्यात काही लोक ऑफिसात बसून उपग्रहाच्या फोटोवरच रेघा मारतात. उंटावरून शेळ्या हाकायचा हा प्रकार मला जमत नाही. चौदा वर्षं झाली, जिथं पाय पडला नाही तिथली रेघ मी कुणाला दिलेली नाही.

हे वाक्य लक्षात असू द्या, कारण सगळी भानगड तिथंच आहे.

दोन वर्षांपूर्वीचा चैत्र. धुळ्याहून साक्रीकडे जाताना पांझरेच्या काठी एक गाव आहे, नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथं जुना बंधारा आहे आणि बंधाऱ्याच्या पाण्यावर फड चालतो. ज्यांना फड माहीत नाही त्यांच्यासाठी — बंधाऱ्यातून पाट निघतो, पाटातून चाऱ्या फुटतात आणि त्या चाऱ्यांवरची सगळी वावरं मिळून एक फड. फडातली सगळी वावरं पाण्याच्या बाबतीत एकच कुटुंब. बारी म्हणजे पाण्याची पाळी, आणि ती ठरलेल्या क्रमानं जायची. या गावात आता उघड्या चाऱ्या बुजवून बंद पाइप टाकायची योजना आली होती. कुठल्या चारीवर कुठलं वावर हे नकाशात दाखवायचं काम आमच्याकडे आलं. नकाशात जे वावर आलं त्याला पाइपचं तोंड मिळणार. जे आलं नाही त्याचं पाणी कायमचं संपलं, कारण मागं चारीही उरणार नव्हती.

फडाच्या पंचांनी मला सहा चाऱ्यांची यादी दिली. पंचांतले मुख्य सुभाषनाना, साठीचे, बोलायला एकदम गोड. चहा पाजल्याशिवाय सोडायचे नाहीत. आम्हाला शुक्रवारी नकाशा जमा करायचा होता आणि मी गावात पोचले सोमवारी.

सकाळी साडेआठला बंधाऱ्यापासून रेकॉर्डिंग सुरू केलं. गहू निघून गेलेला, पाट कोरडा, त्यामुळे चारीतूनच चालता येत होतं. उन्हात मोबाइल तापून बंद पडतो म्हणून मी तो ओल्या रुमालात गुंडाळून धरते, हा आमच्या धंद्यातला जुना उपाय. अकरा वाजेपर्यंत सहाही चाऱ्या चालून झाल्या. सहाव्या चारीच्या पलीकडे एक तीस गुंठ्यांचा तुकडा उन्हात पडून होता आणि त्याच्या खालच्या कोपऱ्यात निंबाचं झाड. झाडाखाली एक बाई माझी वाट बघत बसली होती.

त्या शेवंताअक्का. वय साठच्या आसपास, मोठं कुंकू, हातात खुरपं. त्यांना भाऊ नाही. वडील गेल्यावर वावर त्यांच्या नावावर आलं, तशा त्या सासर सोडून नवऱ्याला घेऊन माहेरी राहायला आल्या. पुढं नवरा गेला, पण त्यांनी वावर सोडलं नाही. गावात काही जणांना लेकीनं बापाची जमीन कसणं तेव्हाही पचलं नव्हतं आणि आताही पचत नाही. अक्कांचं म्हणणं एवढंच होतं, की हे वावर फडातलं आहे, सातव्या चारीवरचं शेवटचं, आणि पंच म्हणतात सातवी चारी कधी नव्हतीच.

मी चटकन विचारलं, सात-बाऱ्यावर काय आहे? त्यावर त्या हसल्या. सात-बाऱ्यावर विहीर लिहितात, झाड लिहितात, चारी कोण लिहितो? वीस वर्षांपूर्वी बंधारा गाळानं भरला, चार-पाच वर्षं पाणीच सुटलं नाही. तेवढ्यात मधल्या चार वावरांच्या मालकांनी सातवी चारी बुजवून, नांगरून आपापल्या शेतात घेतली. बंधाऱ्यातला गाळ निघाला, पाणी परत सुटलं, पण चारी गेली ती गेलीच. तेव्हापासून अक्का शेजाऱ्याच्या बोअरवरून नळी ओढून आणतात, तेही त्याचं शेत भिजवून पाणी उरलं तर.

"बाप जित्ता व्हता तवय वावर फडमा व्हतं," त्या म्हणाल्या. "आते मी शे, त फडना बाहेर."

मी त्यांना स्पष्ट सांगितलं, की जी चारी मला दिसत नाही ती मी दाखवू शकत नाही. अक्का रागावल्या नाहीत. त्यांनी फडकं सोडलं, कळण्याची म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी, ठेचा आणि ताक पुढं ठेवलं. आम्ही तिथंच बसलो. त्या बोलत होत्या, मी ऐकत होते, मध्ये मी आईला फोन केला, एकदा ऑफिसातून फोन आला. दुपारी एक पंचवीसला निघायचं म्हणून मोबाइल बघते तर रेकॉर्डिंग चालूच. बंद करायचं विसरले होते. हे आमच्याकडे सगळ्यांचंच होतं, विशेष काही नाही. मी बंद केलं आणि धुळ्याची बस पकडली.

आता नीट वाचा.

संध्याकाळी ऑफिसात फाइल उघडली. सहा चाऱ्यांच्या सहा रेघा जागच्या जागी. आणि त्यांच्या बाजूला सातवी.

आधी मला वाटलं सिग्नलची लबाडी असेल. झाडाखाली बसलं की उपग्रहाचा हिशेब गडबडतो आणि बसल्या जागी रेघ उमटते, हे मला ठाऊक आहे. पण ती रेघ कशी असते? कोंबडीनं उकिरडा उकरावा तशी. दहा-पंधरा मीटरच्या आत गिचमिड. ही तशी नव्हती. अकरा वाजून पाच मिनिटांनी ती निंबाखालून एकदम उडी मारून पाटाच्या वळणापाशी गेली होती आणि तिथून शांतपणे चार वावरांच्या बाजूबाजूनं निघाली होती. चारशे मीटर. मध्ये दोन काटकोन. रेघ वाटेत थांबतही होती. पहिल्या वावरापाशी अठ्ठावीस मिनिटं. दुसऱ्यापाशी एक्केचाळीस. तिसऱ्यापाशी तेवीस. चौथ्यापाशी तीस. मग ती अक्कांच्या वावराच्या वरच्या कोपऱ्यात आली. तिथं आठ मिनिटं झाली होती, तेवढ्यात मी बंद केलं.

त्या सगळ्या वेळात मोबाइल माझ्या मांडीवर होता. त्यावरून दोन फोन झालेत, त्यांच्या वेळा मोबाइलमध्ये आहेत. मी निंबाखालून उठलेच नव्हते, आणि उठले असते तरी त्रेचाळीस डिग्रीत ढेकळांतून चारशे मीटर जायला मी काही वेडी नाही.

मला भीती वगैरे वाटली नाही. राग आला. चौदा वर्षांत आपलं साधन आपल्याशी असं वागलेलं मी पाहिलं नव्हतं. आमच्या सरांना दाखवलं. ते म्हणाले, एरर आहे, डिलीट कर. मी म्हटलं, एररला काटकोन कळतात? तर म्हणाले, मग चालली असशील आणि विसरली असशील, सातवी चारी म्हणून टाकून दे, बाईचं भलं होईल. म्हणजे एक तर पुसा नाहीतर खोटं लिहा. मला दोन्ही करायचं नव्हतं. रेघ पुसली तर मी जे मोबाइलमध्ये आलं ते दडवलं, आणि ठेवली तर न चाललेली रेघ चालले म्हणून सांगितलं.

मंगळवारी मी स्वखर्चानं परत गेले. दोन मोबाइल घेतले, एक माझा, एक नवऱ्याचा. त्याच निंबाखाली, त्याच वेळी, तेवढाच वेळ बसले. अक्कांनी परत भाकरी दिली. दोन्ही मोबाइलमध्ये कोंबडीचं उकरणं, बाकी काही नाही. बुधवारीही तेच. ज्यांना वाटतं मी तपासलं नाही, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

बुधवारी दुपारी मात्र मी एक गोष्ट केली. गावात दगाआबा म्हणून आहेत, ऐंशी पार केलेले. हे फडाचे जुने पाटकरी, म्हणजे पाटाचं पाणी सोडणारे आणि सांभाळणारे. पंचांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं, की आबांना सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नाही, त्यांच्या नादी लागू नका. मी लागले. आबा ओट्यावर पडले होते. मी मोबाइल पर्समध्येच ठेवला आणि एवढंच विचारलं, की आबा, पाटाच्या वळणापासून खाली बारी कशी जायची?

आबांनी आधी मान वळवून घराच्या दाराकडे बघितलं. नंतर कळलं, चौथं वावर त्यांच्या सख्ख्या पुतण्याचं आहे. आबा त्याच्याच घरी राहतात, त्याचंच खातात. मग त्यांनी डोळे मिटले आणि सांगायला लागले. पहिलं वावर मध्यम. दुसरं काळ्या खोल मातीचं, ते पहिल्याच्या दीडपट पाणी पितं. तिसरं लहान, तिथं लवकर आटपतं. चौथं पहिल्यासारखंच, थोडं जास्त. मग शेवंतीच्या बापाचं वावर.

अठ्ठावीस, एक्केचाळीस, तेवीस, तीस. मी पर्समधून मोबाइल काढला आणि त्यांना आकडे वाचून दाखवले, कुठून आले ते न सांगता. ते प्रत्येक आकड्याला मान हलवत होते. पाचवा आकडा आठ म्हटल्यावर त्यांनी डोळे उघडले.

"आठ मिनिटमा वावर भिजस का? बंद कोनी कयं?"

मी म्हटलं, मी केलं आबा.

"काबरं कयं, माय? बारी अर्धामा तोडतस नही."

चूक माझी होती अशा आवाजात ते बोलले, आणि खरं सांगते, मला ती माझी चूक वाटली. मोबाइलच्या बटणावर बोट ठेवल्याची चूक! अजून वाटते. तो माणूस मला घाबरवत नव्हता, भूतबीत काही म्हणत नव्हता. एखाद्या नवशिक्याला कामातली खोट दाखवावी तसं बोलत होता.

मी तशीच अक्कांकडे गेले आणि त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, की ती रेघ माझ्या वावरात नेमकी कुठं येते? मी म्हटलं, वरच्या कोपऱ्यात, बांधापासून साधारण दोन हात आत. म्हणजे माझ्याच हद्दीत ना? म्हटलं हो. बस. त्यांनी टिकाव उचलला. परवानगी कुणाची घ्यायची नव्हती. मी मोबाइल धरून जागा दाखवली आणि ती बाई चैत्राच्या उन्हात खणायला लागली. मी फावड्यानं माती ओढत होते. ढोपराएवढं खोल गेल्यावर टिकाव दगडावर खणखणला. दोन्ही बाजूंना उभे लावलेले दगड, तळाला फरशी, फरशीवर वाळूचा थर. चारीचं तोंड होतं ते. वीस वर्षं नांगर त्याच्या वीतभर वरून जात होता.

अक्का खड्ड्याच्या काठावर बसल्या आणि रडल्या. मी त्यांना रडू दिलं. मग फोटो काढले.

गुरुवारी सकाळी मारुतीच्या पारावर पंच बसले. मला बोलावलं होतंच. मी रात्रभर भाषण तयार केलं होतं, त्याची गरजच पडली नाही. मंगळवारी मी ती रेघ दाखवल्यापासून "मशीन चुकलं, मशीन चुकलं" म्हणणारे सुभाषनाना खड्डा बघून आले होते. आता ते वेगळंच बोलू लागले. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे त्या चारीवर पूर्वी सोमा नावाचा बारेकरी होता, म्हणजे एकेका वावरात प्रत्यक्ष पाणी फिरवणारा माणूस. उसात पाणी देताना तो त्या चारीवरच गेला. तेव्हापासून ती जागा बरी नाही. ताईंच्या मोबाइलमध्ये आलं ते त्याचंच काम. तेव्हा तिथं नारळ ठेवावा, खड्डा बुजवावा आणि त्या बाजूला कुणी हात लावू नये, पाइप तर मुळीच नको.

लोक माना डोलवायला लागले. दोन जण माझ्याकडे असं बघत होते, जणू मलाच काहीतरी लागलंय. आणि मला जे संतापायला झालं ते सांगता येत नाही. दोन दिवस मशीन चुकलं म्हणाले, तिसऱ्या दिवशी भूत म्हणाले, पण चारी म्हणायला कुणी तयार नाही! मी उठून म्हटलं, की नाना, मी भूत मानत नाही. तुम्ही मानता तर मानून बघू. सोमा बारेकरी होता हे तुम्हीच आत्ता चार माणसांत बोललात. चारीच नव्हती तर तो बारी कुठल्या चारीवर देत होता?

नाना काहीतरी जुळवायला लागले, की तशी एक नाली असेल कधीकाळी, पण फडात ती धरत नव्हते वगैरे. तेव्हा बायकांच्या बाजूला बसलेल्या अक्का उभ्या राहिल्या. पदर नीट केला. आवाज अजिबात चढवला नाही.

"सोमाभाऊ मरेल शे, तरी माले पानी देवाले वना. तुम्हीन त जित्ता शेतस, नाना. तुम्हीन काय दिधं?"

नानांनी मान खाली घातली. मी तो माणूस वाईट आहे असं म्हणणार नाही, मधल्या वावरातलं एक त्यांच्या चुलतभावाचं आहे आणि उभ्या पिकातून पाइप जाणार म्हटलं की घरात भांडण ठरलेलं. मग मागून काठीचा आवाज आला. दगाआबा आले होते, पुतण्याला बाजूला सारून. ते एवढंच बोलले, की सातव्या चारीचं पाणी मी माझ्या हातानं सोडलंय, वीस वर्षं तोंड शिवून बसलो ते पोटासाठी, आता दात नाहीत तर पोटाची काय काळजी. लोक हसले, आणि हसल्यावर माणसं जरा माणसांत आली.

त्याच दुपारी मी सातवी चारी चालले. पाटाच्या वळणापासून अक्कांच्या कोपऱ्यापर्यंत, आबा काठीनं दाखवत पुढं आणि मी मागं. नवी रेघ काढली, खरीखुरी, माझ्या पायांची. शुक्रवारी नकाशा गेला तो त्या रेघेसह. माझ्या नियमाला धक्का लागला नाही.

इथंच संपलं असतं तर मी लिहिलंही नसतं. पुढच्या वर्षी पाइप टाकायला चर खणले. जुन्या चारीच्या तळावरूनच पाइप न्यायचा होता, म्हणजे उतार आयता मिळतो. खणणाऱ्यांनी माझी रेघ धरली. दुसऱ्या वावराच्या वळणावर खणलं तर नुसती माती. दगड नाही, फरशी नाही. मला फोन आला. मी गेले, बघितलं, जुनी फाइल उघडली आणि त्यांना म्हटलं, चार फूट डावीकडे घ्या. घेतलं. ढोपराएवढ्या खोलीवर दगड लागले. आबांच्या काठीमागून चालत काढलेली माझी रेघ चार फूट चुकली होती. जी मी चाललेच नव्हते ती शेवटपर्यंत कुठंही चुकली नाही.

मला यावर सगळ्यांनी सगळं सांगून झालंय. कुणी म्हणतं दुसऱ्या कुणाचा ट्रॅक तुझ्या फाइलमध्ये शिरला असेल — कुणाचा? कोरड्या, नांगरलेल्या वावरात सव्वादोन तास थांबत थांबत कोण फिरत होतं, आणि अक्कांना नि मला दिसलं कसं नाही? कुणी म्हणतं जमिनीतल्या दगडांमुळे सिग्नल वळतो. तो मिनिटं मोजतो का? ज्यांच्याकडे विज्ञान आहे त्यांनी विज्ञान आणावं, मी चहा करून ठेवते. आणि ज्यांच्याकडे नारळ आहे त्यांनी तो घरी फोडून खावा. सोमाचं नाव घेऊन माझ्याकडे गंडा बांधायला दोन माणसं येऊन गेली, त्यांना मी दारातून परत पाठवलंय. मी तेव्हा मानत नव्हते, आजही मानत नाही. पण ती फाइल मी पुसलेली नाही आणि पुसणार नाही. ज्या गोष्टीचं उत्तर येत नाही ती पुसून टाकायची, ही शिकवण आमच्या घरात नव्हती.

एक गोष्ट मात्र तपासायची राहिली होती. चार वावरांचे आकडे आबांच्या सांगण्याशी जुळले, पण पाचव्याचा आकडाच नव्हता, कारण मी मध्येच बंद केलं होतं. अक्कांचं वावर भिजायला किती वेळ लागतो हे कुणाला माहीत नव्हतं, आबांना मी विचारलं तर ते म्हणाले भिजेल तेव्हा भिजेल. म्हणून मी अक्कांना सांगून ठेवलं होतं, की पहिलं पाणी सुटेल त्या दिवशी घड्याळ लावून बसा, तोंड उघडल्यापासून वावर पूर्ण भिजेपर्यंत किती मिनिटं लागली ते मला सांगा. काय कळणार होतं त्यानं, मलाही नीट माहीत नाही. तरी मला तो आकडा हवा होता, अगदी मनापासून हवा होता.

या हिवाळ्यात गव्हाला पहिलं पाणी सुटलं. अक्कांचा फोन आला, आवाज मोठा. पाणी आलं, वावर बांधापर्यंत भिजलं, गहू कसा टवटवीत दिसतोय, तू येऊन बघ. मी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, किती मिनिटं लागली अक्का?

माहीत नाही, म्हणाल्या. त्या वावरात गेल्याच नव्हत्या. घरी पापडांचं पीठ मळत होत्या. पाणी भरून झाल्यावर नवा पाटकरी सांगून गेला.

मी जरा चिडूनच विचारलं, की मी एवढं सांगितलं होतं, मग गेल्या का नाहीत?

"मी कसाले जाऊ?" अक्का म्हणाल्या. "फडमा मालकले जावं नही लागस. मनं वावर फडमा शे ना आते."

मला माझं उत्तर मिळालं नाही, आजही नाही. त्या दिवशी मी ते पुन्हा मागितलं नाही.